रावबा भोयाचं गाठोडं

फार वर्षं झाली. निंबघाटाला तेव्हा पूल नव्हता. होती एक नाव आणि ती वल्हवणारा रावबा भोई. पैलतीरावर केसोशास्त्री राहत. नदीकाठच्या झाडपाल्यावर ते ग्रंथ लिहीत होते आणि रोज नावेत बसले, की आदल्या दिवशीचं पान रावबाला वाचून दाखवत. रावबाला अक्षरओळख नव्हती, पण चूक मात्र नेमकी पकडायचा. "शास्त्रीबुवा, करंज आषाढात फुलत न्हाई," म्हणायचा. शास्त्रीबुवा चिडायचे, आणि घरी जाऊन गुपचूप ती ओळ खोडायचे. बारा वर्षं दोघांचं हे असं चाललं होतं.

मग ग्रंथ अर्धा राहिला आणि शास्त्रीबुवा गेले.

गेलेल्या माणसाचं अपुरं लिखाण घरात ठेवायचं नाही, त्याचा जीव त्यात अडकतो, असं तिथले लोक मानत. तेराव्या दिवशी शास्त्रीबुवांच्या मुलानं, धोंडभटानं, सगळे खर्डे रुमालात बांधून रावबाच्या हाती दिले. "मधल्या डोहात सोड, रावबा. बाबांना मोकळं कर."

रावबा डोहापर्यंत गेला. असं म्हणतात, नाव तिथं आपोआप थांबली, काही केल्या हलेना. आता नाव थांबली की रावबाचे हात थांबले, ते त्या नदीलाच ठाऊक. त्याच्या मनात एकच आलं, जीव अडकतो तर अडकू दे, मला हा माणूस हवा आहे. त्यानं डोक्याचा पटका सोडला, त्यात दगड बांधला आणि तो पाण्यात टाकला. काठावरच्यांनी आवाज ऐकून हात जोडले.

गाठोडं त्याच्या झोपडीत राहिलं. पण वाचता कुठं येत होतं? मग शिकलेला उतारू आला, की रावबा त्याच्यापुढं पान धरायचा. आधी पान वाचायचं, मगच नाव सुटायची. "अरे, हे तर खोडलेलं आहे," असं कुणी म्हटलं, तर म्हणायचा, "तेच वाचा. तितं आमचं भांडण झालं व्हतं." आणि असं म्हणतात, वाचणारा कुणीही असो, आवाज केसोशास्त्र्यांचा यायचा. पान संपलं की आवाज जायचा. रावबा डोळे पुसून वल्हं उचलायचा. त्या आवाजासाठी त्याचा जीव तुटायचा, आणि आपण त्यांना कोंडून ठेवलंय म्हणूनही तुटायचा.

धोंडभटाला हे कळलंच. तो तावातावानं घाटावर आला. रावबानं पान पुढं केलं. धोंडभटानं दोन ओळी वाचल्या, आपल्याच तोंडून वडिलांचा आवाज ऐकला आणि तिथंच घाटावर बसून पुढं वाचू लागला. उन्हं कलली तरी तो वाचतच होता. गाठोडं त्यानं परत मागितलं नाही.

रावबाचा शेवट जवळ आला, तेव्हा लोकांनी विचारलं, "गाठोडं तुझ्यासंगं देऊ का?"

"नगं," तो म्हणाला. "मी त्यांच्याकडंच चाललोय. कागद ऱ्हाऊ द्या. मागं कुणाला तरी आठवण यील."

आज घाटावर वाचनालय आहे आणि त्यात रावबाचं कपाट. पंचक्रोशीत कुणी लिहितं माणूस गेलं, की त्याचे खर्डे, खोडाखोड, अर्धीमुर्धी पानं, सगळं तिथं येतं. घरचे लोक गाठोडं ठेवून निघतात, पण पुष्कळदा दाराशी थबकतात, परत येतात आणि एखादं पान उघडून बसतात. वाचनालय बंद करायची वेळ झाली, तरी त्यांना उठवायचं नाही, अशी निंबघाटाची रीत आहे.