धाकू मेस्त्रीने राखलेलं पान

बंदराला जेटी नव्हती आणि मचवे नुसत्या शिडावर चालायचे, तेव्हाची ही गोष्ट. मधे कुणी बोलायचं नाही.

कातळवाडीत धाकू मेस्त्री होता. मचव्याच्या पुढच्या फळीवर नाव कोरायचा. हातभर उंच अक्षर, आणि जिथे रेघ संपेल तिथे तिला एक पान फुटलेलं. एकाचं पान झावळीसारखं, दुसऱ्याचं केवड्यासारखं. वाचता कुणाला येत होतं? पण बायका लांबून पान बघून सांगायच्या, आपला आला. असं म्हणतात, धाकूचं अक्षर आभाळ टेकतं तिथून दिसायचं. डोळेही तेव्हाचे बरे असतील.

जानू तांडेलाने नवा मचवा बांधला. नाव ‘वाघजाय’. खलाशांत धाकूचा एकुलता एक मुलगा वासू. शेवटच्या ‘य’च्या पायाला पान फुटायचं राहिलं होतं, आणि जानूला भरती चुकवायची नव्हती.

“मेस्त्री, बस कर! मासा काय नाव वाचून जाळ्यात शिरतो?”

“अरे, पाय उघडा आहे अक्षराचा.”

“मग वहाण घाल त्याला!”

सगळे हसले. वासूसुद्धा हसला.

धाकू चिडला. छिन्नी कमरेला खोचून म्हणाला, “जा. हे पान माझ्याकडे राहिलं. घ्यायला परत ये.”

दुपारी वारा फिरला. मचवे धडपडत परतू लागले. झावळी आली, केवडा आला. वाघजाय नाही. दुसऱ्या दिवशी तर पाणी कुठलं नि आभाळ कुठलं, कळेना. धाकूची बायको भागीरथी कड्यावरून हलेना.

“रागाच्या भरात पोराला अर्ध्या नावावर धाडलंत,” ती म्हणाली.

समुद्राकडे तोंड केलेल्या काळ्या कातळावर धाकूने तेच नाव कोरायला घेतलं. पुरुषभर उंच. असं म्हणतात, छिन्नी बोथट झाली तरी कातळ लोण्यासारखा कापत गेला, आणि अक्षरं शिंपल्यासारखी पांढरी निघाली. टोकाटोकाला पान. शेवटचं एक उरलं, आणि धाकूने हात थांबवला.

“करा हो ते पुरं!” भागीरथी ओरडली.

“पुरं केलं तर तो कशाला येईल?”

नुसता वारा. बायकांनी एकमेकींचे हात इतके आवळले की बांगड्या पिचल्या.

आणि धुक्यातून फाटकं शीड दिसलं.

वासूने मागून सांगितलं, “जमीन दिसतच नव्हती. पांढरी पानं दिसली. आधी वाटलं, बगळे. पण एक कमी होतं, तेव्हा कळलं, हे आपलंच नाव.”

कुणी मचव्यातून उतरायच्या आत धाकू कमरभर पाण्यात शिरला आणि ‘य’च्या पायाला पान कोरलं. शेवटची ढलपी पाण्यात पडली, वरून लाट आली. असं म्हणतात, लाट ओसरली तेव्हा छिन्नी फळीत रुतलेली होती, मेस्त्री नव्हता. वासू गळाभर पाण्यात शोधत राहिला.

आता नावं संगणकावर छापून येतात, स्टिकर. पानं तयारच असतात, मेलेली, सगळी एकसारखी. तरी नवी बोट पहिल्यांदा निघताना घरची बाई शेवटच्या अक्षराचं पान नखाने सोडवते आणि दाराच्या चौकटीला चिकटवून ठेवते. बोट आली की कमरभर पाण्यात जाऊन स्वतः लावते. तोवर त्या घरात कुणी मोठ्याने हसत नाही.

कातळावरच्या ‘य’चा पाय अजून उघडाच आहे. शिकलेली पोरं येतात, म्हणतात, पुरा करू या. हात लावून बघा म्हणावं.