सहा तास खाली राहिलेली रेघ

“म्हणजे मी खोटं बोलते, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

नीरजा म्हात्रेने हे रिसबूड सरांना तोंडावर विचारलं. ते तिचे गुरू. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवण्यात त्यांची हयात गेली होती. समुद्राकाठच्या त्यांच्या वेधशाळेत औषधालाही लोखंडी खिळा नव्हता. किल्ल्या, पट्टा, खिळे मारलेल्या चपला, सगळं दाराबाहेर काढून ठेवायचं. लोखंड जवळ आलं की आतला काटा हलायचा आणि तो कागदावर ओढत असलेली रेघ सरकायची.

“मंगळवारी तुझ्या केसांत पिन राहिली असेल,” सर म्हणाले. “म्हणून रेघ खाली गेली. काट मार तिच्यावर.”

त्यांनी लाल पेन्सिल पुढे केली.

गप्प बसायची हीच वेळ आहे, हे नीरजाला कळत होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर ध्रुवप्रकाशाचा अभ्यास करायला एकालाच पाठवायचं होतं. ती किंवा तिच्यासोबत शिकणारा केदार. नाव सर देणार होते. चार वर्षं तिला त्या प्रकाशाने हिरव्या होणाऱ्या आभाळाचा ध्यास लागला होता. पण आता तिचं डोकंच फिरलं.

“पिनेने काटा हलला असता, तर मी बाहेर पडताच जागेवर आला असता. रेघ सहा तास खाली होती. सूर्याकडून आलेलं चुंबकी वादळ होतं ते, सर. मी काट मारणार नाही.”

“मी सांगतोय तरी?”

“तुम्ही सांगताय तरी. केदारचं नाव द्या खुशाल.”

तिने पेन्सिल टेबलावर आपटली.

सरांनी खिडकीकडे वळून विचारलं,

“ध्रुवप्रकाश कधी पेटतो?”

ही काय परीक्षा घ्यायची वेळ होती? ती फणकाऱ्यानेच बोलली.

“सूर्याकडून येणारा वारा स्वतःचं चुंबकत्व घेऊन येतो. त्याची दिशा पृथ्वीच्या उलट असली, की दोघांची गाठ पडते. मग आभाळ पेटतं.”

“आणि सारखीच असली तर?”

“फारसं काही होत नाही. बाजूने निघून जातो.”

सरांनी खणातून तळावर पाठवायचं पत्र काढलं. नावाची जागा कोरी होती. त्यांनी तीच लाल पेन्सिल उचलली आणि सावकाश लिहिलं, नीरजा म्हात्रे.

तिने ते नाव पुन्हा वाचलं.

“सर… आणि केदार?”

“त्यालाही सकाळी त्याच्या एका खऱ्या नोंदीवर काट मारायला सांगितलं होतं. ‘बरं, सर’ म्हणाला… आणि बाजूने निघून गेला.”