कुंभारणीसाठी एक टोला

ही गोष्ट अगदी खरी आहे. खोटी निघाली तर माझ्या मिशा झडून जावोत! आता मला मिशा कधी फुटल्याच नाहीत, ते सोडा. शिवाय ज्याने मला ती सांगितली तो एक कावळा होता, आणि कावळ्यांच्या बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी पण ऐका.

फार फार वर्षांपूर्वी एक राजा होता. मनाने वाईट नव्हता, पण महासंशयी. जेवण आधी मांजराला चाखायला देई, आणि मांजर आधी प्रधानाला हुंगायला लावी. आरशात पाहिलं तरी दरडावून विचारी, "कोण रे तू? आणि माझा मुकुट तुझ्या डोक्यावर कसा?"

अशा राज्यात तापाची साथ आली. मग काय, सगळी प्रजाच राजासारखी झाली. कुणी शिंकलं की अख्ख्या आळीची दारं धडाधड लागत. शेजारीण विस्तव मागायला आली, तर घरची बाई फटीतून विचारी, "विस्तवच न्यायचाय ना? काही द्यायला नाही ना आलीस?"

राजाने हुकूम काढला. राज्यातले झाडून सगळे वैद्य आणि सगळ्या सुइणी गडावर आणा. वैद्यांनी तापकऱ्यांना तपासावं, सुइणींनी काढे ढवळावेत. साथ सरेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. आणि तापाने कुणी गेलं, की गडावरच्या नगाऱ्यावर एक टोला.

राजा गच्चीत बसून टोले ऐके. टोले विरळ होऊ लागले, तसा त्याचा चेहरा खुलू लागला. "साथ हरली! आपण जिंकलो!"

गडाखाली मात्र वेगळंच चाललं होतं. जुलाबाने सुकलेलं लेकरू घेऊन आई दरवाजाशी आली, की पहारेकरी विचारी, "ताप आहे?"

"नाही, जुलाब आहेत."

"मग हा रोगी नव्हे. चल, हो मागे!"

वयात आलेल्या पोरी पोटातल्या कळा गिळून कोपऱ्यात बसत. बोलणार कुणाशी? ऐकणारी सुईण गडावर, आणि आईला भलताच संशय यायचा. अशातच गडाखालच्या गावातली कुंभारीण बाळंतपणात गेली. बाळही गेलं. गडावर नगारा वाजला नाही.

कुंभारणीच्या शेजारी एक सासू राहायची. जीभ अशी, की तिने हाक मारली तर म्हशीचं दूध नासावं. तिच्या सुनेचे दिवस भरले होते. कुंभारणीला पोहोचवून लोक परतले आणि सासूने सुनेकडे पाहिलं. सून पोटावर हात ठेवून बसली होती. सासू उठली ती थेट गडावर.

पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "काय काम?"

"सुनेसाठी सुईण हवी."

"सासू? आणि सुनेसाठी?" पहारेकऱ्याने डोळे बारीक केले. "म्हातारे, यात नक्की पाणी मुरतंय."

सासू वळली आणि बुरुजाखाली जाऊन तिने नगारचीला हाक मारली. "अरे ए दादा, कुंभारणीसाठी एक टोला दे."

"ती तापाने नाही गेली, आजी. तिच्यासाठी टोला नाही."

"मग ती गेलीच नाही म्हणायचं? जा तर, कुंभाराला सांग तसं. चूल पेटवायची थांबलाय तो."

नगारचीने नगारा वाजवायचं टिपरू घेतलं. मग त्याने हात उचलला. धडाम!

राजा गच्चीत ताडकन उभा राहिला. हा टोला कुठला? हा तर हिशेबात नव्हता! नगारची आणि सासू, दोघांनाही समोर आणलं.

"कोणत्या तापाने गेली?" राजाने विचारलं.

"ताप नव्हता महाराज," सासू म्हणाली. "सुईण नव्हती."

प्रधान राजाच्या कानाला लागला. "महाराज, सासू सुनेसाठी रडत आलीय. शत्रूची हेर असणार."

"रडतंय कोण इथं?" सासू कडाडली. "आणि सून मला आवडते, असं मी म्हटलं का? तिची भाकरी चामड्यासारखी, आणि बोलते तर त्याहून चिवट. पण भांडायला ती जिवंत हवी मला!"

राजाला संशय आला. पण या वेळी त्याला प्रधानाचा आला. सुनेला अशी नावं ठेवत कुणी तिच्यासाठी खोटं रचेल? तोंडाला फडकं बांधून तो स्वतः गड उतरला.

कुंभाराच्या दारात चाक थांबलेलं होतं. बाजूला ओल्या मातीची भातुकलीची छोटी छोटी भांडी वाळत होती. राजा काही विचारणार, एवढ्यात पलीकडच्या घरातून सुनेचं कण्हणं ऐकू आलं. कुंभाराने मान वर केली. "माझ्या घरातूनही असाच आवाज आला होता, महाराज. तेव्हा आमची सुईण वर तुमचा काढा ढवळत होती."

राजाने घोडा मागवला, टाच मारली, आणि सुईण मागे बसवून वाऱ्यासारखा परत आला. दिवस मावळायच्या आत त्या घरात बाळ जन्मल्याची थाळी वाजली. सासूनेच वाजवली, आणि वाजवता वाजवता सुनेला म्हणाली, "नाक तेवढं तुझ्यावर गेलंय. असू दे."

त्या दिवसापासून साथ कितीही मोठी असो, गावची सुईण गावातच राहू लागली. लेकरांचा वैद्य दारोदार फिरू लागला, वाढत्या पोरींचं ऐकायला एक दार उघडं राहू लागलं, आणि मरणाचं कारण न विचारता नगारा वाजू लागला. राजा संशयी राहिला तो राहिलाच. फक्त आता नगारा गप्प असला, की तो विचारी, "खरंच सगळे बरे आहेत, की आपण कुणाला मोजत नाही?"

म्हणून सांगतो: एका रोगाशी लढताना आई, लेकरू आणि वाढती पोरं विसरलात, तर रोग हरेल, पण गावही जगणार नाही.

आता कबुली. घोडा मी घातला. घोडे आपल्याविरुद्ध कट करतात, असा त्या राजाला संशय होता; तो कधी घोड्यावर बसलाच नाही. सुईण बिचारी पायीच धावत आली, आणि सून थोडक्यात वाचली. मांजरही माझंच.

कुंभारीण मात्र मी रचलेली नाही. रचलेली असती, तर मी तिला वाचवली असती.