उसन्या हाताचा दाखला

“दुखत नाही, खुपत नाही. मग आजार कसला, वस्ताद?”

धैर्यशीलनं फॉर्म पुढं केला. राज्य निवड चाचणीचा. त्यावर फक्त तालमीच्या वस्तादांची सही राहिली होती. चाचणी आठ दिवसांवर आली होती.

दस्तगीर वस्ताद आखाड्याच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी फॉर्म हातात घेतला नाही.

“गावच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी मोजलं. काय आलं?”

“मशीन बिघडलं असेल त्यांचं.”

“काय आलं?”

“वरचा एकशे बावन्न... खालचा शंभर. पण ते म्हाताऱ्यांना होतं, वस्ताद. मी सोळा वर्षांचा आहे. एका दमात पाचशे जोर मारतो.”

“बाई काय म्हणाल्या?”

“मीठ कमी कर. लोणचं, पापड बंद. डब्यातली ताकदीची पावडर बंद. मूत्रपिंडाची तपासणी कर. आणि दाब उतरेपर्यंत कुस्ती खेळायची नाही.” तो हसला. “आठ दिवसांवर चाचणी, आणि म्हणे कुस्ती खेळायची नाही!”



धैर्यशीलनं खिशातून दुसरा कागद काढला.

“हा बघा दाखला. काल शहरातल्या दवाखान्यात मोजलं. एकशे चौदा, चौऱ्याहत्तर. एकदम ठणठणीत.”

त्याच्या मागं समाधान उभा होता. त्याचा रोजचा जोडीदार, पंधरा किलोनं हलका. तो खाली मातीकडं बघत होता.

वस्तादांनी चष्मा लावला. दाखला सावकाश वाचला. खालच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ओळखीची खूण... उजव्या भुवईवर जुना व्रण.”

त्यांनी धैर्यशीलच्या भुवया पाहिल्या. मग समाधानच्या. समाधानच्या उजव्या भुवईवर पांढरा व्रण होता.

मागं जोर मारणारी पोरं थांबली.

“समाधान, लंगोट चढव.”

“वस्ताद, मी...”

“चढव.”

समाधान मातीत उतरला. वस्तादांनी नव्वद किलोच्या यशवंताला हाक मारली.

“घे याला. निवडीला धैर्यशीलच्या नावावर हाच लढणार आहे.”

यशवंतानं एका झटक्यात समाधानची मान बगलेत धरली आणि त्याला अधांतरी उचललं. समाधानचे पाय हवेत झाडायला लागले.

वस्तादांनी थांबवलं नाही.

“सोड! मान मोडेल त्याची!” धैर्यशील ओरडत आखाड्यात धावला.

“का?” वस्तादांचा आवाज चढला नव्हता. “मशीनला त्याचा हात चालला. कुस्तीला त्याची मान का चालत नाही?”

त्यांनी हात वर केला. यशवंतानं समाधानला अलगद खाली ठेवलं.

धैर्यशील तिथंच गुडघ्यांवर बसला. चेहरा लालबुंद झाला होता. दोन्ही हातांनी त्यानं डोक्याची मागची बाजू घट्ट दाबून धरली होती.

वस्ताद उतरून त्याच्याजवळ आले.

“कधीपासून दुखतंय?”



“दिवाळीपासून. सकाळी उठलं की ठणकतं. जोर लावला की डोळ्यांपुढं अंधारी येते.”

“घरी सांगितलंस?”

“नाही.”

“मला?”

“नाही.”

“का?”

धैर्यशील हळू आवाजात म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही मातीबाहेर बसवलं असतं. मग... मी कोण उरलो असतो, वस्ताद?”

वस्तादांनी दाखला टराटरा फाडला. मातीत पडलेला फॉर्म उचलला आणि सही न करताच घडी करून समाधानच्या हातात दिला.

“हा याच्या घरी नेऊन दे. याच्या वडलांना सांग, तालुक्याच्या दवाखान्यात या म्हणावं. आम्ही पुढं होतोय.”

समाधान डोळे पुसत निघाला.

“तिथं केसपेपर काढतात,” वस्ताद म्हणाले. “नाव विचारतील. कुणाचं सांगशील?”

धैर्यशीलनं वर पाहिलं. सगळी तालीम त्याच्याकडं बघत होती.

“माझं.”

“काय होतंय विचारतील.”

“सगळं सांगीन. दिवाळीपासूनचं. पावडरचंही.”

वस्तादांनी हात देऊन त्याला उभं केलं. कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या.

“चल,” ते म्हणाले. “आता कुठं तुझी कुस्ती लागली.”