टिंबूची गोळी आणि रुतलेला डंपर

एक होता माळ. माळावर होत होता रस्ता. आणि तिथेच राहायचा टिंबू शेणकिडा.

टिंबूने केली शेणाची गोळी. त्यात त्याची बायको टिंबी अंडं घालणार. अंड्यातून बाळ येणार. बाळ गोळीच खाणार!

टिंबी म्हणाली, "बोराएवढी पुरे हं. आणि ऊन चढायच्या आत आण. सुकली तर बाळ काय खाईल?"

बोराएवढी झाली. पण टिंबूला मोह सुटला. "आणखी एक चिमूट! आणखी एक चिमूट!" गोळी झाली चिकूएवढी.

डोकं खाली, पाय वर, टिंबू उलटा उलटा ढकलू लागला. पण गोळी जड! उतारावर सुटली. गडगड गडगड गडगड! गेली थेट डंपरच्या वाटेवर.

तेवढ्यात आला डंपर. पाठीवर मातीचा डोंगर. घुर्र... घुर्र... धप्प! चाक रुतलं. चाकाच्या कडेखाली गोळी अडकली.

"अरेरे! कशाला घेतली मी जास्त?" टिंबू हळहळला.

"डंपरदादा, डंपरदादा, हल ना!"

"कसा हलू रे? एक बकेट माती जास्त झाली. पोकलेन माती काढेल, तर मी हलेन."

टिंबू गेला तुरुतुरु तुरुतुरु.

"पोकलेनमामा, पोकलेनमामा, माती काढा!
डंपर काही हलेना,
माझी गोळी सुटेना!"

पोकलेनने लांब हात खाली टेकवला. "अरेरे! कशाला भरली मी जास्त? पण मुकादम शिट्टी वाजवेल, तर मी माती काढीन."

टिंबू गेला तुरुतुरु तुरुतुरु. मुकादम होत्या शेवंताआक्का. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पिवळी टोपी.

"आक्का, आक्का, शिट्टी वाजवा!
पोकलेन माती काढीना,
डंपर काही हलेना,
माझी गोळी सुटेना!"

"अरेरे! कशाला म्हटलं मी 'आणखी एक'? पण साहेब मान हलवतील, तर मी शिट्टी वाजवीन."

टिंबू गेला तुरुतुरु तुरुतुरु. घोलपसाहेब छत्रीखाली उभे.

"साहेब, साहेब, मान हलवा!
मुकादम शिट्टी वाजवीना,
पोकलेन माती काढीना,
डंपर काही हलेना,
माझी गोळी सुटेना!"

"छे छे! भरलेली माती काढायची? जास्त भरली की काम लवकर होतं! मागचा डंपर पुढे येईल, तर मी मान हलवीन."

टिंबू गेला तुरुतुरु तुरुतुरु.

"मागच्या दादा, मागच्या दादा, पुढे ये!
साहेब मान हलवीना,
मुकादम शिट्टी वाजवीना,
पोकलेन माती काढीना,
डंपर काही हलेना,
माझी गोळी सुटेना!"

"पों पों! येऊ कुठून? वाटेत तो उभा! पुढचा डंपर हलेल, तर मी येईन."

त्याच्यामागे आणखी एक डंपर. त्याच्यामागे आणखी एक. पों पों! पों पों! सगळे उभेच.

"पुढचा डंपर? म्हणजे तोच की!" टिंबू मटकन खाली बसला. आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नाही.

टिंबू परत आला गोळीपाशी. ऊन चढलं होतं. गोळी सुकायला लागली होती. टिंबूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलंच माझं. बोराएवढी केली असती, तर केव्हाच घरी पोचलो असतो."

मग तो स्वतःच कामाला लागला. जास्तीची चिमूट काढ, बाजूला ठेव. जास्तीची चिमूट काढ, बाजूला ठेव.

पों पों ऐकून साहेब आले. खाली बघतात तर काय? एवढासा टिंबू आपलं ओझं कमी करतोय! साहेबांनी डंपरकडे पाहिलं. मागच्या रांगेकडे पाहिलं.

"अरेरे! एक बकेट जास्त घेतली आणि सगळ्यांच्या खेपा थांबल्या. चुकलंच माझं!"

साहेबांनी मान हलवली.
आक्कांनी शिट्टी वाजवली. फुर्रर्र!
पोकलेनने माती काढली. खर्रर्र!
डंपर हलला. घुर्र घुर्र घुर्र!
मागचा डंपर पुढे आला. पों पों!
टिंबूची गोळी सुटली!

पण कशी सुटली? एका बाजूने भाकरीसारखी चपटी. वरून कडक. चपटी बाजू गेली, कडक बाजू गेली. केवढी मेहनत मातीत गेली! मधली मऊ मऊ तेवढी उरली.

उरली किती? बोराएवढी.

डोकं खाली, पाय वर, टिंबू उलटा उलटा निघाला. गुडगुड गुडगुड. या वेळी कुठेच सुटली नाही.

टिंबी दारात उभी होती. "एवढीशी गोळी, आणि एवढा उशीर?"

टिंबूने मान खाली घातली.

"मोठी केली होती गं. म्हणून तर उशीर झाला."

टिंबीने गोळी आत घेतली. हात लावून पाहिला. अजून ओली होती.

"पुरे हो बाळाला," ती म्हणाली.