म्हणून दाखवल्याशिवाय पुडी नाही

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्याच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, झाडपाल्याचं औषध देणारी एक म्हातारी राहायची. तिच्या हाताला गुण होता, पण तिची एक रीत भारी विचित्र होती. औषध कसं द्यायचं ते ती सांगायची आणि मग पुडी घट्ट धरून म्हणायची, "आता तू म्हणून दाखव." समोरच्याने सगळं पुन्हा सांगितल्याशिवाय ती पुडी सोडत नसे. लोक हसायचे, पण म्हणून दाखवायचे. करतात काय, औषध हवं असायचं ना!

एके दिवशी राजाचा सेनापती घोडा फेकत तिच्या दारी आला. त्याची एकुलती एक लेक चार दिवस तापाने फणफणली होती. आज तर ती सकाळपासून डोळेही उघडत नव्हती.

म्हातारीने दोन पुड्या बांधल्या. "पळसाच्या पानातली मधातून चाटवायची. वडाच्या पानातली पाण्यात कालवून कपाळाला लावायची. ती पोटात जाता कामा नये, विषारी आहे. आता तू म्हणून दाखव, बाबा."

सेनापतीचा पारा चढला. "म्हातारे, माझ्या एका शब्दावर हजार माणसं हलतात. मी काय पोपट आहे? ऐकलंय मी. दे इकडे!"

"ऐकलंस ते दिसलं मला. म्हणून दाखव."

त्याने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. म्हातारी जागची हलली नाही. शेवटी तो दातओठ खात म्हणाला, "वडाच्या पानातली मधातून चाटवायची..."

आणि मध्येच थांबला. त्याला दरदरून घाम फुटला. त्याचे कान म्हातारीपाशी होते, पण मन लेकीच्या उशाशी होतं. आता बापाचं मन तिथेच असणार, त्याला तरी काय बोल लावायचा?

म्हातारी रागावली नाही. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुसऱ्या खेपेला तो मध विसरला. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर म्हणाला, तेव्हा तिची मूठ उघडली.

घरी पोचताच बायकोने पुड्यांसाठी हात पुढे केला. सेनापतीने तिला सगळं सांगितलं आणि हळूच म्हणाला, "आता तू म्हणून दाखव." तिने रडत रडत म्हणून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली. एवढा मोठा सेनापती, पण लहान मुलासारखा ढसाढसा रडला.

पुढे त्याच्या फौजेत नवा नियम झाला. हुकूम घेणाऱ्याने तो आधी म्हणून दाखवायचा, मगच घोड्यावर टांग टाकायची. आणि राजा जेव्हा जेव्हा हुकूम द्यायचा, तेव्हा भर दरबारात सेनापती स्वतः तो पुन्हा म्हणायचा. कुणी हसलं तर हसू द्यायचा.

यातून घ्यायचं ते एवढंच: ऐकलेलं आपल्या तोंडाने पुन्हा सांगता आलं, तरच ते कळलं म्हणायचं.