वाटी कुणाच्या दारात

दिव्यांच्या त्या राज्यात सूर्य नव्हता. जो तो छातीतल्या ज्योतीवर जगत असे. वातीवर काजळी धरली की ज्योत गुदमरायची. घटकाभरात चिमट्याने काजळी काढून ताजं तेल घातलं नाही तर ती विझायची. आणि विझलेला दिवा तिथे पुन्हा पेटत नसे.

काजळी काढणारं घर एकच, राजधानीत. तिथली मुख्य समईबाई. पितळेची, हात फार हलका. दारात पाण्याचं घंगाळ. रोगी उंबऱ्यात आला की त्यात तळाला भोक असलेली, घटकाभरात बुडणारी वाटी सोडायची आणि ती बुडायच्या आत वात साफ करायची, असा रिवाज. वर्षानुवर्षं एकही वाटी बुडाली नव्हती. पाहणीला येणारे लामणदिवे छताला लटकून वरूनच बघत, "वा, वा!" म्हणत आणि जात. खाली उतरायचे कष्ट कोण घेतो!

यंदा पाहणी कंदिलाकडे आली. हा गडी पायी हिंडणारा. तो नदीपलीकडे, मातीच्या पणत्यांच्या खापरवाडीला गेला, तर त्याच्यासमोरच सगुणा पणतीच्या धाकट्या बहिणीची, भागूची ज्योत गुदमरली. सगळ्यांनी तिला उचलून राजधानीकडे धाव घेतली. भागू वाटेतच, नदी ओलांडायच्या उतारावर विझली. सगुणा तिथेच वाळूत बसून राहिली. कंदिलाला तिच्याकडे बघवेना.

तो राजधानीत परतला. समईबाई म्हणाली, "वाईट झालं. पण ती आमच्या दारात आलीच नाही. मग आमच्या मोजणीत कशी येणार?"

कंदिलाने घंगाळातली वाटी उचलली.

"अहो, ठेवा ती जागेवर!"

"जागाच चुकलीये तिची, बाई. घटका ज्योत गुदमरते तिथून मोजायची," तो म्हणाला आणि वाटी खापरवाडीला नेऊन सगुणाच्या दारात ठेवली.

मग तो चिमटे मागायला आला. समईबाईने तीनदा त्याला हाकललं. चौथ्यांदा तो उंबऱ्यातच ठाण मांडून बसला. ढकलाढकलीत त्याची काच तडकली तरी हलला नाही. शेवटी समईबाईने चिमटे दिले आणि कुरकुरत का होईना, सगुणाला आणि तिच्या शेजारणींना काजळी काढायला शिकवलं. उतारावर तेलाचा बुधला आला. गावोगाव हाक पुढे पोचवणारे हाकारे नेमले.

वर्षभराने सगुणाचीच ज्योत गुदमरली. शेजारणीने वाटी दारातल्या घागरीत सोडली, चिमटा धरला, सुटेल तेवढी काजळी काढली. हाक गावागावातून राजधानीत पोचली. समईबाई जन्मात पहिल्यांदा धावली. उतारावरचा बुधला काखोटीला मारून ती खापरवाडीत शिरली, तेव्हा पितळेला धाप लागली होती.

तिने आधी घागरीत पाहिलं. वाटीचा काठ पाण्यावर बोटभर होता.

तिने वात साफ केली, तेल घातलं. सगुणाने डोळे उघडले. समईबाईने वाटी पाण्यातून काढली, पदराने पुसली आणि सगुणाच्या उंबऱ्यावर पालथी ठेवून ती राजधानीच्या वाटेला लागली.